कॉल ऑफ, पुट ऑफ आणि खाऊन टाकणं

मागच्या वर्षी आमची एक मीटिंग पुढे ढकलली होती आणि मी सगळ्यांना मेलमध्ये लिहिलं की मीटिंग 'कॉल्ड ऑफ' आहे. लिहायचं होतं 'पुट ऑफ'. कॉल ऑफ म्हणजे रद्दच. नंतर नवी तारीख कळवली तरी दोघं जण आलेच नाहीत, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं, मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून फ्रेजल व्हर्ब्स (म्हणजे ऑफ, अप असा छोटा शब्द जोडून वेगळा अर्थ देणारी इंग्रजी क्रियापदं) मनावर घेतले. आधी याद्या पाठ केल्या, गेट अप, गेट बाय, गेट ओव्हर, गेट अलाँग, आणि चार दिवसांत सगळ्याची खिचडी झाली. मग कधीतरी डोक्यात आलं की अरे, हे तर आपण मराठीत दिवसभर करतो! 'खाल्लं' वेगळं, 'खाऊन टाकलं' वेगळं. 'बोलला', 'बोलून गेला', 'बोलून बसला', तिन्हींचा रंग निराळा, आणि 'बोलून बसला' म्हणताना कोणी खाली बसत नाही. इंग्रजीतला 'अप' पण बऱ्याचदा असाच, ईट म्हणजे खाणं पण ईट अप म्हणजे खाऊन टाकणं, यूज अप म्हणजे वापरून संपवणं, टेअर अप म्हणजे फाडून टाकणं, वर जाण्याचा काही संबंध नाही, काम पार शेवटापर्यंत नेलं एवढंच. गिव्ह अपला तर आपलं 'सोडून देणं' तयारच आहे. हे दरवेळी जुळत नाही, पण मला यादीपेक्षा याचाच जास्त उपयोग झाला.

दुसरी अडचण 'इट'ची. 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' दोन्ही बरोबर, पण लाइटच्या जागी 'इट' आलं की ते मधेच बसतं, 'टर्न इट ऑफ', 'टर्न ऑफ इट' चालत नाही. आणि 'लुक ॲट इट'मध्ये मात्र ते शेवटीच. मोठ्याने म्हणून बघा, पहिल्यात जोर 'ऑफ'वर पडतो, दुसऱ्यात 'लुक'वर. मी ही वाक्यं चालता चालता पुटपुटायचे आणि कानाला सवय झाली, नियम आठवावा लागेना.

आणि हो, 'कोप अप विथ' असं काही नसतं, नुसतं 'कोप विथ', म्हणजे निभावून नेणं. कीप अप विथ, म्हणजे बरोबरीने चालत राहणं, त्यातला अप तिथे येऊन चिकटतो. 'डिस्कस अबाउट'मधलाही अबाउट काढून टाका.

सध्या माझ्या वहीच्या चालू पानावर दोनच ओळी आहेत. गेट ओव्हर इट, म्हणजे त्यातून सावरणं. गेट इट ओव्हर विथ, म्हणजे एकदाचं उरकून टाकणं. यातली दुसरी काल फोनवर पहिल्यांदाच न अडखळता तोंडात आली.