तुम्ही विचारलंत म्हणून: कुठलं कॉलेज मानवेल?

एमबीएला जाणाऱ्या मुलांचे मॉक इंटरव्ह्यू मी घेतो. निकाल लागले की हमखास विचारणा होते: "सर, दोन ठिकाणी नंबर लागलाय. पॅकेज बघू की कॅम्पसचं कल्चर?"

आधी पैशाचं. मोठं कर्ज काढून जाणार असाल आणि दोन्हीकडच्या प्लेसमेंटमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असेल, तर कल्चर-बिल्चर गुंडाळून ठेवा. हप्ते सुरू झाले की कॅम्पसवरची हिरवळ कामाला येत नाही. फरक उन्नीस-बीस असेल, तरच पुढचं वाचा.

वर्ग कसा चालतो ते बघा. अहमदाबादचं आयआयएम १९६१ साली उभं राहिलं ते हार्वर्डच्या मदतीने. केस पद्धत, म्हणजे कंपनीपुढचा एखादा खरा पेच घेऊन त्यावर वर्गात चर्चा, तिथूनच आली. केस आदल्या रात्री वाचायची, वर्गात प्राध्यापक प्रश्न टाकणार आणि तुमच्या बोलण्यालाही मार्क. वास्तुविशारद लुई कानने बांधलेल्या तिथल्या लाल विटांच्या इमारतींचे फोटो सगळेच बघतात, भरल्या वर्गात हात वर करायचा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. अबोल मुलांनी जाऊच नये असं नाही, काहींना तिथेच कंठ फुटतो. पण चारचौघांत चुकायची तयारी हवी.

मुंबईत चर्चगेटला असलेल्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटची तऱ्हा वेगळी. कॅम्पस म्हणावा असा नाहीच, पण कंपन्यांतली माणसं शिकवायला येतात. हॉस्टेलची हौस असेल तर हिरमोड होईल. मुंबईतच नोकरी करायची असेल तर याहून सोयीचं काय? अंधेरीच्या एसपी जैन इन्स्टिट्यूटमध्ये 'अभ्युदय' नावाच्या उपक्रमाखाली वस्तीतल्या एका मुलाला वर्षभर सोबत करावी लागते. ज्याला हे वेळ घालवणं वाटतं, त्याने तिथली सीट अडवू नये.

राहिलं आरजी, म्हणजे रिलेटिव्ह ग्रेडिंग. मार्क एकमेकांच्या तुलनेत मिळतात, म्हणून नोट्स दडवायच्या, दुसऱ्याला मागे खेचायचं. पोरांच्या भाषेत 'आरजी'. कुठे ते थट्टेपुरतं असतं, कुठे खरंखुरं. माहितीपत्रकात हे छापत नाहीत. म्हणून सेकंड इयरच्या एखाद्याला गाठा, अॅडमिशन कमिटीतला नको, आणि विचारा: समर प्लेसमेंटच्या, म्हणजे उन्हाळी इंटर्नशिपच्या निवडीच्या आठवड्यात ज्याची शेवटपर्यंत निवड झाली नव्हती, त्याच्या खोलीत रात्री कोण बसलं होतं? "आम्ही सगळेच होतो" हे उत्तर धरू नका. नावं विचारा.

फोन रविवारी दुपारनंतर करा. त्याआधी कुणी उठलेलं नसतं.