तापलेल्या घाटावरून रोहू जिवंत सोडायचा तर

हौसेने गळाला लावून परत पाण्यात सोडलेला मासा शेपटी मारून दिसेनासा झाला, की ‘वाचला’ म्हणून आपण मोकळे होतो. पण घाटाच्या पायरीवर दोन मिनिटं तडफडलेला रोहू पुढे काही दिवसांनी अंगावर कापसासारखी बुरशी घेऊन काठाला लागू शकतो, आणि तेव्हा आपण तिथे नसतो. ओठात नीट लागलेल्या गळाच्या जखमेने मासा सहसा मरत नाही. तो मरतो दमल्यामुळे, अंगावरचा बुळबुळीत थर निघाल्यामुळे आणि हवेत श्वास कोंडल्यामुळे. म्हणून रॉडपासून बादलीपर्यंत सगळं सामान ‘मासा लागेल का’ यापेक्षा ‘मासा परत जाईल का’ हे बघून निवडावं, असं माझं मत आहे.

आधी पाण्याचं बघू. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो. म्हणजे उकाड्यात माशाची भूक वाढते, हालचाल वाढते आणि प्राणवायू मात्र कमी. त्यात आपल्या शहरी तलावांचं पाणी शेवाळाने हिरवं. हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं, त्यामुळे सगळ्यात वाईट वेळ पहाटेची. एप्रिल-मेमध्ये पहाटे मासे वर येऊन तोंडाने गप-गप करताना दिसतात, ते खायला आलेले नसतात. त्यांना श्वास घ्यायला जड जात असतं. तेव्हा गळ टाकणं म्हणजे दम्याच्या रुग्णाला जिने चढायला लावणं. सलग ढगाळ दिवस गेले, की पावसाळ्यातही हेच होतं. मोसम म्हणाल तर गणपती आटोपून पाणी निवळलं की फेब्रुवारीपर्यंत. थंडीत सकाळी मासा सुस्त असतो, दहानंतर हलू लागतो. उन्हाळ्यात जायचंच असेल, तर सकाळी नऊ ते अकरा, आणि पाण्याचा रंग वाटाण्याच्या सुपासारखा दिसला तर घरी परत.

जागेबद्दल थोडक्यात. ठाणे तलावांचं शहर खरं, पण तलाव दिसला म्हणून गळ टाकता येत नाही. बऱ्याच तलावांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो, काही ठिकाणी सरळ बंदी असते, आणि पिण्याच्या पाण्याच्या धरणांवर तर प्रश्नच नाही. आधी फलक वाचा, रखवालदाराला विचारा, परवानगी असेल तरच रॉड उघडा. खाडीत रोहू शोधू नका. तिथलं पाणी खारं, तिथे बोय आणि जिताडा. दुसरी गोष्ट तळाची. विसर्जनाच्या तलावात तळाशी मूर्तींचे बांबू, काथ्या, तारा, निर्माल्याचे दोरे पडलेले असतात. नवी मुंबईतल्या काही तलावांत विसर्जनाचा भाग वेगळा करायला जाळीत दगड भरून गॅबियन भिंत घातली आहे. लागलेला मासा सरळ त्या भिंतीकडे पळतो आणि तारेला घासून तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तुटते. भिंतीपासून निदान वीस-पंचवीस पावलं लांब बसा.

लागणारे मासे मुख्यतः चार: रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प). पहिले तीन साचलेल्या पाण्यात सहसा वीण करत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणजे तलावातला प्रत्येक रोहू कुणीतरी बोटुकली, म्हणजे बोटाएवढं पिल्लू, म्हणून सोडलेला, मोजका. मृगळ आणि सायप्रिनस तळ उकरतात. रोहू मधल्या पाण्यात असतो, पण चाऱ्यासाठी खाली येतो. कटल्याचं तोंड वर वळलेलं, त्याला मिशा नाहीत. तो वरच्या पाण्यातलं बारीक जीवन गाळून खातो. चौघांत सायप्रिनस चिवट, कटला सगळ्यात नाजूक. मत्स्यशेतीवाल्यांना विचारा, प्राणवायू घटला की आधी कटले मरतात. त्यामुळे कटल्याला खाली सांगितलेली पाण्याबाहेरची वेळ निम्मी धरा.

आता सामान. रॉड दहा ते अकरा फुटांचा, ४० ते ८० ग्रॅम वजन फेकणारा. लांबी एवढ्याचसाठी, की आपल्याकडे काठाला कठडा किंवा रेलिंग असतं आणि तंगूस त्याला घासू द्यायची नसते. रील ४००० ते ५००० आकाराचं, त्याचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की तंगूस सोडणारा ब्रेक, गुळगुळीत सुटणारा. तंगूस ०.३२ ते ०.३५ मिलिमीटरची साधी नायलॉनची. हलक्या तंगुशीवर मोठा मासा काढण्यात मर्दुमकी मानणारे आहेत. पण पाच मिनिटांत येणारा मासा वीस मिनिटं खेळवला, की त्याच्या अंगात आम्ल साचतं आणि सोडल्यावर तो उलटा होतो. विणलेली ब्रेड लाइन मुख्य दोर म्हणून नको. ती ताणली जात नाही, आणि माशाचे पर कापते.

ड्रॅग किती आवळायचा याला घरगुती माप आहे. दीड लिटरची भरलेली पाण्याची बाटली तंगुशीच्या टोकाला बांधा आणि रील हातात वर धरून सरळ लटकवा, तंगूस रॉडच्या कड्यांतून न नेता. बाटली अगदी हळू, न अडखळता खाली सरकली पाहिजे. धाडकन पडली तर ड्रॅग सैल, हललीच नाही तर जास्त आवळलेला. झटके देत उतरली तर ड्रॅगच्या चकत्या साफ करायला झाल्या आहेत. मासा पळताना तंगूस नेमकी अशाच झटक्याला तुटते.

शिसं ६० ग्रॅमचं, आणि ते तंगुशीवर मोकळं सरकणारं. खाली एक रबरी मणी, मग स्विव्हल (गोल फिरणारी कडी), मग पंधरा सेंटीमीटरचा मऊ दोरा आणि गळ. शिसं पक्कं बांधलं आणि वरून तंगूस तुटली, तर मासा ते वजन तोंडाला घेऊन फिरतो आणि कुठेतरी अडकून मरतो. सरकतं असलं तर शिसं निघून जातं, माशाच्या ओठात गळ आणि थोडा दोरा एवढंच राहतं. गाठ आवळताना ती थुंकीने ओली करा. कोरडी ओढली तर घर्षणाने नायलॉन तापतं आणि नेमकं गाठीपाशी कमजोर होतं.

गळ एकच. सहा नंबरचा मक्यासाठी, चार नंबरचा पेंडीच्या गोळीसाठी, काटा (टोकाजवळचं उलटं खुटं) दाबलेला. दुकानात स्प्रिंगभोवती चार-सहा गळ लावलेला तयार संच मिळतो, तो मी कुणालाच घ्या म्हणणार नाही. गोळा चोखताना एक गळ ओठात लागतो आणि मासा उसळला की बाकीचे डोळ्यात, कल्ल्यात, पोटाखाली रुततात. तो सोडवायला लागणारी मिनिटं माशाकडे नसतात. काटा दाबायला साधी पक्कड पुरते, पण दाबला गेला का हे डोळ्यांनी कळत नाही. गळ जुन्या सुती रुमालात टोचा आणि मागे ओढा. धागा न उचलता सुटला तर झालं. एकही धागा वर आला, तर पुन्हा दाबा.

चारा गळाला न टोचता त्याच्या मागे केसासारख्या दोऱ्यावर ओवायचा, याला हेअर रिग म्हणतात. या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. मासा घास आत ओढतो, तपासतो, नको असेल तर फुंकून टाकतो. फुंकताना मोकळा असलेला गळ वळतो आणि खालच्या ओठात लागतो, जिथून तो काढायला सोपा. गळाचा बाक आणि मक्याचा दाणा यांत पाऊण सेंटीमीटर जागा ठेवा. केस फार लांब झाला तर गळ ओठाबाहेर लागतो, फार आखूड झाला तर वळतच नाही. कटल्याला मात्र हे चालत नाही. त्याला फ्लोटखाली (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेखाली) तीन-चार फुटांवर, पाण्यात ढग करणारी बारीक पीठगोळी.

चाऱ्यासाठी अर्धा किलो शेंगदाण्याची पेंड, पाव किलो तांदळाचा कोंडा, शंभर ग्रॅम कणीक, चमचाभर मेथीपूड, चमचाभर भाजलेली बडीशेप. पेंड कढईत मंद आचेवर वास सुटेपर्यंतच भाजा. बुरशीचा वास येणारी पेंड फेकून द्या. तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं आणि ते माशाच्या यकृतालाही बाधतं. पाणी तलावाचंच, थोडं थोडं. चूक इथेच होते: एकदम पाणी ओतून चपातीसारखं मळलं, की गोळा तळाशी दगडासारखा पडून राहतो. अर्धं पाणी घालून वीस मिनिटं झाकून ठेवा, पेंड सावकाश शोषते, मग लागेल तसा हबका मारा. लिंबाएवढा गोळा बादलीत टाकून बघा. पाच मिनिटांत कडा सुटायला हव्यात आणि वीस मिनिटांत त्याचा ढीग व्हायला हवा. आधीच विरघळला तर मूठभर कणीक, तसाच राहिला तर कोंडा.

गळावर मका. वाळलेले दाणे चोवीस तास भिजवा, दाणा तडकेपर्यंत तीस-चाळीस मिनिटं उकळा, त्याच पाण्यात गार होऊ द्या. न शिजवलेलं कडधान्य किंवा मका पाण्यात कधीही टाकू नका. या माशांना जठर नसतं, दाणा आतड्यात जाऊन फुगतो. डब्यातला स्वीटकॉर्न मऊ असतो, चिलापी (तिलापिया मासा) दोन मिनिटांत तो ओरबाडून नेते; उकडलेला मका टिकतो. चार तासांच्या बैठकीला सगळा मिळून अर्धा किलो चारा पुष्कळ. उरलेला तळाशी कुजतो आणि कुजताना पुन्हा प्राणवायूच खातो. पाव आणि कुरमुरे टाकणारे काठावर आधीच पुष्कळ असतात.

मासा लागल्यावर रॉड वर, पण आडवा दाब देत राहा म्हणजे तो वळतो. मासा काढायच्या जाळीचं तोंड निदान तीन फूट रुंद, दांडा अडीच मीटर, आणि जाळ बिनगाठीचं, बारीक वीण असलेलं. गाठींचं स्वस्त नायलॉन जाळ डोळे आणि पर सोलतं. जाळी आधी भिजवून पाण्यात बुडवून ठेवा आणि मासा तिच्यावर आणा. माशाच्या मागे जाळी घेऊन धावलात तर तो पुन्हा पळतो. कठड्यावरून तंगुशीने उचलायचा मोह आवरा. पाण्यात हलका वाटणारा चार किलोचा मासा हवेत चार किलोचाच असतो, ओठ फाटतो. आणि जाळी दांड्याने उचलू नका, दांडा तिथेच मोडतो. काठाशी ओढून कडी धरा, जाळ गुंडाळा, दोन्ही हातांनी वर घ्या.

त्याआधी सगळं मांडून ठेवलेलं असलं पाहिजे, मासा हातात आल्यावर चिमटा शोधणं नको. सावलीत जाड फोमची गादी, बाजूंना उशीसारखी उंच. योगा मॅट चौपदरी केली तरी चालते. तलावाच्या पाण्याची दहा लिटरची बादली; घरून नळाचं नको, त्यात क्लोरीन. एक सुती ओलं फडकं. मेडिकलमध्ये मिळणारा बाकदार आर्टरी फोर्सेप्स, म्हणजे चिमटा, आठ इंची. आधी गादीवर अर्धी बादली ओता. दुपारी एकच्या उन्हात घाटाचा दगड पायाला चटका देतो. त्यावर ठेवलेल्या माशाचा बुळबुळीत थर दगडालाच राहतो, आणि जंतू, बुरशी बाहेर ठेवणारं तेच त्याचं कवच.

हात कोपरापर्यंत ओले, अंगठी-घड्याळ काढलेलं. ओलं फडकं डोळ्यांवर टाकलं की बहुतेक मासे शांत होतात. चिमट्याने गळाचा बाक धरा आणि गेला त्याच वाटेने मागे ढकला. काटा दाबलेला असेल तर तो एका हिसक्यात सुटतो. घशात गेला असेल तर खोदू नका, दोरा जितका जवळून कापता येईल तितका कापा. साध्या पोलादाचा गळ गंजून जातो, स्टेनलेसचा टिकतो, म्हणून स्टेनलेस घेऊच नका. कल्ल्यात बोटं घालायची नाहीत, तराजूचा आकडा तोंडात अडकवायचा नाही. वजन हवंच तर ओल्या कापडी झोळीत, नंतर झोळीचं वजा.

फोटो गुडघ्यावर बसून, मासा गादीच्या वर वीतभर, आडवा, एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा छातीच्या परांखाली. पाण्याबाहेर एकूण तीस सेकंद. हे मोजायला घड्याळ नको: मासा वर आला की फोटो काढणाऱ्याने श्वास रोखून धरावा, त्याला जड झालं की मासा खाली.

सोडताना कठड्यावरून फेकू नका; जाळीत घेऊन खाली उतरवा. पाण्यात सरळ, पोटाखाली हात देऊन धरा. पुढे-मागे ढकलत बसायची सवय चुकीची आहे, मागे ओढताना कल्ल्यांतून पाणी उलटं जातं. तोंड लाटेकडे करून नुसतं धरून ठेवा. कल्ले एका लयीत हलू लागले आणि शेपटीने स्वतःहून धक्का दिला की सोडा. कधी तीस सेकंद लागतात, कधी पाच मिनिटं. गोणीत घालून ‘नंतर फोटो काढू’ हा प्रकार आपल्या पाण्याच्या तापमानात अजिबात नको.

सोडायचं याला एक अपवाद. मिशा असलेला मोठा आफ्रिकी मांगूर लागला तर परत टाकू नका. त्याच्या शेतीवर देशात २००० सालापासून बंदी आहे, आणि तो तलावातलं सगळं खातो.

घरी आल्यावर जाळी आणि गादी धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. अंगावर बसणाऱ्या माशांच्या उवा आणि त्यांची अंडी ओल्या जाळ्यातून एका तलावातून दुसऱ्यात जातात. तंगुशीचे तुटलेले तुकडे बारीक कापून कचऱ्यात, काठावर सोडलेले बगळ्याच्या पायात अडकतात. जाळी बाल्कनीत टांगण्याआधी बादलीभर पाण्यात लिंबाच्या साली घालून तासभर भिजवा, नाहीतर सोसायटीत वासाची तक्रार संध्याकाळपर्यंत येतेच.