आमची वाटचाल: दोन जीबीवाल्यांचा धंदा

दोन जीबीचं साधं एसडी कार्ड आज कुणी फुकट दिलं तरी लोक घेत नाहीत. आम्ही मात्र विमानांसाठी पैसे मोजून घेतो. त्यावर ‘एचसी’ ही दोन अक्षरं नसावीत, कंपनी ओळखीची असावी आणि ते कॅमेऱ्यात वर्षानुवर्षं घासलेलं नसावं, एवढ्याच आमच्या अटी.

धंद्यातल्या माणसाला कारण सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गार्मिनचा जी१००० हा कॉकपिटमधला डिस्प्ले छोट्या विमानांत आला २००४ च्या सुमारास आणि एसडीएचसीचं, म्हणजे दोन जीबीहून मोठ्या कार्डांचं, मानक आलं २००६ ला. जुन्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या डिस्प्लेला दोन जीबीच्या पुढचं कार्ड ओळखताच येत नाही. सॉफ्टवेअर बदला म्हणणं सोपं असतं. त्यामागची कागदपत्रं, विमान उभं राहण्याचे दिवस आणि खर्च ज्याच्या माथी बसतो त्याला विचारा. ‘एवढ्या महागाच्या विमानात असली कार्डं?’ म्हणून हसणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावं की बोइंग ७४७-४०० चा नॅव्हिगेशन डेटाबेस साडेतीन इंची फ्लॉपीवरून चढवतात.

सुरुवात लॅमिंग्टन रोडला झाली, माझ्या मावसभावाच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर. त्याला सगळे आबा म्हणतात, मीही. खाली त्याचा कॅमेऱ्याच्या सामानाचा धंदा आणि वर माझं टेबल. जुहूच्या हँगरमधले एक एएमई साहेब, म्हणजे विमान देखभालीचे इंजिनिअर, पीसीएमसीआयए कार्ड (जुन्या लॅपटॉपच्या बाजूच्या खाचेत बसायचं ते, यालाच पीसी कार्डही म्हणतात) शोधत आख्खा रस्ता पालथा घालून शेवटी आमच्याकडे आले. आबाने त्यांना सीएफ (कॉम्पॅक्टफ्लॅश) कार्ड आणि ॲडॅप्टर दाखवला. साहेबांनी तो हातातही घेतला नाही. ‘हे एटीए आहे, मला लिनियर फ्लॅश पाहिजे,’ म्हणाले. त्या दिवशी आम्हाला हा धंदा कळला.

फरक मोठा आहे. एटीए कार्डाच्या पोटात कंट्रोलर असतो आणि यंत्राला ते छोट्या हार्डडिस्कसारखं दिसतं. लिनियर कार्डात नुसत्या फ्लॅशच्या चिप असतात आणि यंत्र थेट पत्त्यावर जाऊन वाचतं. दोघांची अडुसष्ट भोकं तीच आणि आकारही तोच, तरी एकाच्या जागी दुसरं चालत नाही. बाजारातला यूएसबी रीडरही लिनियर कार्डाला दाद देत नाही. म्हणून आमच्याकडे आजही जुने थिंकपॅड आहेत, बाजूला पीसी कार्डची खाच असलेले. एकावर विंडोज ९८ आहे आणि एकावर एक्सपी. दोन्ही कधीच इंटरनेटला जोडत नाही. त्यांच्या बॅटऱ्या केव्हाच मेल्या, चार्जरच्या वायरीला टेप गुंडाळलाय, पण त्यांना हात लावायची परवानगी फक्त मला आणि आबाला आहे. एसरॅम कार्डं असतील तर गोष्ट आणखी नाजूक होते. आत नाण्याएवढी बॅटरी असते, ती संपली की डेटा गेला. बॅटरी बदलण्याआधी प्रत काढायची, ही आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशीची शिकवणी.

एएमई साहेबांबद्दल लिहिलंच पाहिजे. ते मला नावाने कधी हाक मारत नाहीत, ‘काय हो कार्डवाले’ म्हणतात. उधारी त्यांना माहीत नाही. बिल हातात पडलं की पैसे त्याच दिवशी. डेटा चढवायचा लायसन्सवाल्याने आणि सहीही त्याचीच, आपलं काम कोरं, खात्रीचं कार्ड देण्याचं, ही रेघ त्यांनीच मला आखून दिली. आणि वहीसुद्धा त्यांच्यामुळेच सुरू झाली. ‘कार्ड कुठून आणलं, कुणी तपासलं, कुठे गेलं, हे मला दोन वर्षांनी विचारलं तर सांगता येईल का?’ असं एकदा म्हणाले. तेव्हापासून लांब पानांच्या हिशेबाच्या वहीत प्रत्येक कार्डाची एक ओळ असते. त्यात सीआयडीही, म्हणजे कार्डाचा ओळख क्रमांकही, लिहितो. हा क्रमांक कारखान्यातच कार्डाच्या आत कोरलेला असतो. यूएसबी रीडर लावला की तो दिसत नाही. लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत कार्ड घालून लिनक्सवरून वाचला की दिसतो. सॅनडिस्कच्या अस्सल कार्डाचा सीआयडी ०३ ने सुरू होतो आणि पुढे ‘एसडी’ या अक्षरांचा कोड येतो. हे ज्याला माहीत नाही त्याने या धंद्यात पडू नये.

मधली वर्षं बरी गेली. अंधेरी एमआयडीसीत गाळा घेतला, दोन मुलं कामाला ठेवली. नॅव्हिगेशनचा डेटा दर अठ्ठावीस दिवसांनी बदलतो आणि नवा लागू होतो गुरुवारी, म्हणून त्याच्या आधीच्या बुधवारी आमच्याकडे पाहुण्यांना बंदी.

मग तो माणूस आला. नाव लिहीत नाही, कारण या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्याच गाळ्यात चहा पीत शिकला, पिना सरळ करायची आमची भिंगाखालची पद्धत शिकला आणि एके दिवशी निम्म्या भावाचं कोटेशन घेऊन आमच्याच गिऱ्हाइकांच्या दारात उभा राहिला. निम्मा भाव कसा परवडतो हे एकाही खरेदी खात्याने विचारलं नाही. एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी भाववाला, आला की ऑर्डर त्याची. इथपर्यंतही माझी तक्रार नव्हती, धंदा आहे. पण त्याने लेबलही आमच्यासारखं केलं. पांढरं, निळ्या काठाचं, खाली हाताने लिहिलेला नंबर.

पुढे एका फ्लाइंग स्कूलच्या सेस्ना १७२ विमानांत, एकामागून एक, डिस्प्लेवर टेरेन, म्हणजे खालच्या डोंगर-जमिनीचा नकाशा, गायब व्हायला लागलं. खालच्या स्लॉटमधलं कार्ड काढून पुन्हा घातलं की कधी यायचं, कधी नाही. लेबल बघून फोन आम्हाला. फोन कसला, थेट पत्रच, आणि त्याची प्रत आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना! आठवड्याभरात ऑर्डरी थांबल्या आणि जुनी बिलं अडकली. बँकेच्या माणसाने सीसी लिमिटबद्दल (धंद्याच्या कर्जमर्यादेबद्दल) गोड आवाजात विचारपूस केली. गाळ्याचं भाडं आबाने भरलं, स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यातून. ते त्याने आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून मी इथे सांगतोय.

एएमई साहेबांनी फोन केला. म्हणाले, ‘कार्डवाले, वही घ्या आणि या.’ त्यांच्या ओळखीने त्या शाळेच्या क्वालिटी मॅनेजरसमोर बसायला मिळालं. बिघडलेली कार्डं टेबलावर मांडली. मी लिनक्सचा लॅपटॉप उघडला आणि एकेक वाचत गेलो. एकाचाही सीआयडी आमच्या वहीत नव्हता. वर नाव सॅनडिस्कचं आणि आत ०३ चा पत्ता नाही, काहींचा तर अनुक्रमांकही एकसारखा. पूर्ण भरून वाचायची चाचणी लावली तेव्हा खरं पोट दिसलं. सांगायला दोन जीबी, चिप त्याहून लहान. जागा संपली की असलं कार्ड तक्रार करत नाही, पहिल्या पानावरच पुन्हा लिहायला लागतं. टेरेन जायचं ते असं.

मॅनेजरने मान हलवली, चहा मागवला. पण आम्हाला दोषी ठरवणारं पत्र जसं सगळीकडे गेलं, तसं निर्दोष असल्याचं पत्र कुठेही गेलं नाही. मागितलं तेव्हा ‘मॅनेजमेंटशी बोलतो’ असं उत्तर मिळालं. अजून बोलणं चालू असावं. अडकलेली बिलं तुकड्यातुकड्याने आली, शेवटचा तुकडा लॉकडाऊननंतर. त्या २०२० सालात डेटाच्या फेऱ्या तेराऐवजी चौदा आल्या आणि नेमकी त्याच वर्षी महिनोन्‌महिने विमानं झाकून उभी! तो माणूस आता ड्रोनच्या बॅटऱ्या विकतो असं कळतं. विकू दे.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. ऑनलाइन सेलमधलं कार्ड विमानात घालू नका. भाव बघून तुम्हालाच कळायला हवं. विंडोजच्या क्विक फॉरमॅटवर भागवू नका, एसडी असोसिएशनचा फॉरमॅटर फुकट मिळतो. एका विमानाचं डेटा कार्ड ‘जरा बघू’ म्हणून दुसऱ्यात घालू नका, ते विमानाशी बांधलेलं असू शकतं आणि मग नवा डेटा विकत घ्यावा लागतो. गार्मिनचा जुना जीपीएस, जीएनएस ४३०, वापरणाऱ्यांनी कार्डाबरोबर त्याचा खास रीडरही जपावा. तो हरवला की कार्ड असून नसल्यासारखं. सीएफ घेताना एसएलसी (एका पेशीत एकच बिट ठेवणारं, टिकाऊ) आणि इंडस्ट्रियल घ्या, उणे ४० ते ८५ अंशांचं. मे महिन्यात धुळ्याच्या ॲप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) बंद कॉकपिटमध्ये हात घालून बघा, म्हणजे मी पैसे कशाचे घेतो ते समजेल. आणि कार्ड किल्ल्यांबरोबर खिशात ठेवणाऱ्या वैमानिकांना काय सांगावं?

सध्या अडचण मालाची आहे. एसडी अजून मिळतात, लिनियर फ्लॅश जवळजवळ संपली. तुमच्या कपाटात जुनी पीसीएमसीआयए कार्डं किंवा ती खाच असलेला चालू लॅपटॉप पडला असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी आम्हाला कळवा. कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. मोडेम कार्डं आणि वायफाय कार्डं कृपया पाठवू नका, ती आबाने एक गोणी भरून आधीच जमवली आहेत. आणि फोन शक्यतो बुधवार सोडून करा.