जांभयांपासून सुरुवात

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाच महिने मी रोज ट्रामाडॉल हे वेदनाशामक घेत होतो आणि दुखणे कमी झाल्यासारखे वाटताच, डॉक्टरांना न विचारता, एका रविवारी ते परस्पर बंद करून टाकले. संध्याकाळी जांभया येऊ लागल्या. डोळ्यांवर झोपेचा लवलेश नव्हता, तरीही जबडा दुखेपर्यंत त्या येत राहिल्या. मग नाक वाहू लागले आणि मी सर्दीची गोळी घेतली. मध्यरात्री अंगावर आलेला काटा जाईना, पाय एका जागी राहीनात, पोटात मुरडा येऊ लागला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

ट्रामाडॉलसारखी ओपिऑइड, म्हणजे अफूसारखा परिणाम करणारी, औषधे मेंदू व मज्जारज्जूतील पेशींवरच्या ठरावीक ग्राहकांना (रिसेप्टर) चिकटून वेदनेचा निरोप दाबतात. पण तशाच ग्राहकांमार्फत ती श्वास मंद करतात, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक करतात आणि आतड्यांची हालचालही थंडावतात. (वेदनाशमनाची शरीराला सवय होऊन तीच मात्रा अपुरी पडू लागते, बद्धकोष्ठता मात्र शेवटपर्यंत साथ सोडत नाही.) या दडपणाखाली नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे शरीराला सतर्क ठेवणारे रसायन स्रवणाऱ्या पेशी तोल सांभाळण्यासाठी आपला जोर वाढवत नेतात आणि औषध एकाएकी काढून घेतले की तो जोर मोकाट सुटतो. म्हणूनच विथड्रॉवलमध्ये, म्हणजे औषध सुटल्यावरच्या त्रासात, सगळे उलटे होते: बाहुल्या विस्फारतात, बद्धकोष्ठतेच्या जागी जुलाब होतात, गुंगीच्या जागी तळमळ येते. ट्रामाडॉल सेरोटोनिन या मनःस्थितीशी संबंधित मेंदूतील रसायनावरही काम करत असल्यामुळे काहींना ते सोडताना विलक्षण धास्ती वाटते, मला वाटली.

डॉक्टरांसमोर मी 'व्यसन' हा शब्द खाली मान घालून उच्चारला. त्यांनी तो तिथेच खोडला. अनेक आठवडे रोज ओपिऑइड घेणाऱ्या कोणाचेही शरीर त्यावर विसंबू लागते. नुकसान दिसत असूनही औषधाची ओढ आवरता न येणे, याला व्यसन म्हणतात. हा फरक मला शस्त्रक्रियेच्या वेळीच कोणीतरी सांगायला हवा होता, असे आजही वाटते. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली आणि मात्रा नऊ आठवड्यांत पायरीपायरीने उतरवली. शेवटची अर्धी गोळी सोडणे सर्वांत जड गेले.

निघताना त्यांनी बजावले की, औषध सुटल्यावर शरीराची सहनशक्ती घटते, त्यामुळे पूर्वी सहज पचणारी मात्रा आता श्वास थांबवू शकते. माझ्या खणात तेव्हा अडीच पाकिटे शिल्लक होती.