निवडुंगाच्या जुन्या, हट्टी बिया: माझा अनुभव

नागपुरात या बियांसाठी आधी मुहूर्त पाहावा लागतो. मी दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरतो, नाहीतर फेब्रुवारीच्या मध्यावर. दिवसा २५ ते ३० अंश आणि रात्री थोडा गारवा, हे बहुतेक बियांना मानवतं. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा बंद पिशवीत बी अक्षरशः शिजते. जानेवारीच्या थंडीत ती नुसती ओली पडून कुजते.

जुनी बी म्हणजे सगळी सारखी नव्हे. ॲस्ट्रोफायटम या गोलसर निवडुंगाची ताजी बी दोन-तीन दिवसांत फुटते, पण जुनी होत गेली की जोर झपाट्याने उतरतो. फड्या निवडुंगाचं उलट: आतला जीव शाबूत, कवच मात्र दगडासारखं. अशी बी मी पॉलिश पेपरवर कडेने घासतो आणि आतला फिकट रंग दिसला की थांबतो. पुढे घासलं तर कोंबच जखमी होतो. मग २४ तास कोमट पाण्यात.

मऊ कवचाची बी घासू नये. तिच्यासाठी जिबरेलिक ॲसिड, म्हणजे बीला उगवायला चालना देणारं वनस्पती-संप्रेरक: ५० मिलिग्रॅम पावडर थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून १०० मिलिलिटर पाण्यात घालायची, म्हणजे ५०० पीपीएम (दहा लाखांत ५०० भाग) होतं. भिजवण २४ तास. मेलेली बी यानेही उठत नाही. शिवाय रोपं लांबट, फिकट होतात; म्हणून ताज्या बियांना मी हे लावत नाही.

खरा शत्रू बुरशी. फळाचा गर बीला चिकटलेला असला की ती तिथूनच सुरू होते. म्हणून आधी साबणाच्या थेंबाने धुवून १० मिनिटं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये. काळी माती अजिबात नको, ओली झाली की घट्ट बसते. दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग कोकोपीट. कुकरमध्ये अर्धा तास वाफवून रात्रभर गार करायचं. बारीक बी पुरायची नाही, तिला उजेड लागतो. वरून कन्हान नदीच्या धुतलेल्या वाळूचे चार कण पुरेत. कुंडी उकळून गार केलेल्या पाण्यात खालून भिजवून झिप पाऊचमध्ये, उजेडात, पण थेट उन्हात नाही.

पांढऱ्या कापसासारखी बुरशी दिसली तर ती बी आजूबाजूच्या मातीसकट चिमट्याने काढायची. कोंब दिसताच पाऊच उघडण्याची घाई करू नये. मार्चच्या कोरड्या हवेत एका दुपारीत रोपं सुकतात. दीड-दोन महिन्यांनी आधी दोन भोकं, मग हळूहळू मोकळं.

फड्याच्या ज्या कुंडीत काहीच आलं नाही, ती मी उन्हाळाभर कोरडी ठेवतो आणि ऑक्टोबरात पुन्हा भिजवतो. पहिल्या पेरणीची तारीख लेबलवर तशीच राहू देतो.