ऑपरेशनआधीची धडधड आणि झोपेची गोळी

ऑपरेशन ठरलं की पुण्यातल्या घराघरांत दोन गोष्टी लगेच सुरू होतात. मेडिक्लेमची कागदपत्रं गोळा होतात आणि ओळखीपाळखीतल्या चार जणांचे अनुभव गोळा होतात. भुलेबद्दल मात्र फारसं कोणी विचारत नाही. मग आदल्या रात्री नातेवाईक वॉर्डाबाहेर डॉक्टरांना गाठतात: "फार घाबरलेत हो, एखादी झोपेची गोळी द्या ना!"

गोळी देता येते. पण आधी भीती कशाची आहे ते विचारायला हवं. कुणाला शुद्धच येणार नाही असं वाटतं, कुणाला मधेच जाग येईल असं. कुणाला फक्त सुईची धास्ती असते, तर कुणाला भुलेत आपण काहीबाही बडबडू याची. अ‍ॅमस्टरडॅममध्ये तयार झालेली 6 प्रश्नांची एक छोटी यादी जगभर वापरतात. त्यातले 4 प्रश्न भीतीचे आणि 2 माहितीच्या ओढीचे. हे 2 महत्त्वाचे, कारण काहींना सगळं तपशिलात कळलं की हायसं वाटतं, तर काहींना "तुम्ही बघून घ्या" एवढंच हवं असतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला बळेबळे सगळं समजावत बसलं की त्याची धडधड वाढतेच.

म्हणून भुलेच्या डॉक्टरांची भेट ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉलीवर होऊ देऊ नका. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर आठवडाभर आधी पीएसी, म्हणजे भुलेपूर्वीची तपासणी, मागून घ्या. तिथे काही लपवू नका: घोरणं, दारू, तंबाखू, मिश्री, रोजची झोपेची गोळी, अश्वगंधा, हलणारे दात. रोज दारू किंवा झोपेची गोळी घेणाऱ्यावर नेहमीचा डोस कमी पडू शकतो आणि ती अचानक तोडली तर ऑपरेशननंतर थरथर, भ्रम, अगदी झटकेही येऊ शकतात. अश्वगंधेने झोपेच्या औषधाचा अंमल वाढू शकतो.

भीती वाढवण्यात उपाशी राहण्याचा वाटा मोठा आहे. ऑपरेशन 11 वाजता असतं आणि पेशंट रात्री 10 पासून पाण्याच्या घोटाविना बसलेला असतो. चहा चुकल्याने डोकं दुखतं, तोंड कोरडं पडतं, जीव कासावीस होतो. भुलेत घशाचं संरक्षण जातं आणि पोटातलं फुप्फुसात जाऊ शकतं, म्हणून उपाशी राहायचं. पण हिशोब असा आहे: हलक्या जेवणानंतर 6 तास, तळलेल्या-तुपकट खाण्यानंतर 8 तास, साधं पाणी किंवा बिनदुधाचा चहा 2 तासांपर्यंत. दुधाचा चहा खाण्यात धरतात, त्यालाही 6 तास. साबुदाण्याची खिचडी "उपवासाची" असली तरी तूप-दाण्यामुळे 8 तासांत मोडते. मधुमेह, गरोदरपण किंवा पोट रिकामं व्हायला वेळ लागेल असा आजार असेल तर हे आकडे बदलतात, तेव्हा तुमच्या भूलतज्ज्ञांचा शब्द अखेरचा.

रक्तदाबाची सकाळची गोळी घ्यायची की नाही ते आधीच लिहून घ्या. गोळी चुकली, वर घबराट, आणि टेबलाजवळ दाब 180/110 च्या वर गेला की ऑपरेशन पुढे ढकलायची वेळ येते.

आता औषधांकडे. आदल्या रात्री अल्प्राझोलाम ही घबराट कमी करणारी झोपेची गोळी 0.25 ते 0.5 मिलिग्रॅम देण्याची पद्धत आहे. ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेताना शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध 1 ते 2 मिलिग्रॅम देतात. त्याचा अंमल 2-3 मिनिटांत येतो आणि त्यानंतरचं बरंचसं आठवत नाही. पण सरसकट गोळीचा फायदा वाटतो तेवढा नाही. फ्रान्समध्ये हजाराहून जास्त पेशंटवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोराझेपाम ही त्याच जातीची गोळी 2.5 मिलिग्रॅम दिलेल्यांचं समाधान इतरांपेक्षा वाढलं नाही, उलट श्वासाची नळी काढायला वेळ जास्त लागला. म्हणून गोळी ज्याला खरंच लागते त्यालाच द्यावी.

सत्तरीच्या आजी-आजोबांना तर शक्यतो नकोच. या गोळ्यांनी त्यांना भ्रम होतो, रात्री लघवीला उठताना तोल जातो. फार घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसाला खोलीत एकटं असताना गोळी देणं धोक्याचं आहे. वेदनेची मॉर्फिनसारखी औषधं सोबत असतील तर श्वास आणखी मंदावतो. फ्लुमाझेनिल हे या गुंगीवरच्या उताऱ्याचं औषध आहे, पण त्याचा अंमल मिडाझोलामपेक्षा आधी संपतो आणि पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. त्यामुळे नर्स, ऑक्सिजन आणि बोटावरचा पल्स ऑक्सिमीटर जवळ असल्याशिवाय शिरेतली गुंगी नको.

मुलांचं वेगळं. "फिरायला जातोय" असं सांगून आणलेलं मूल ओटीच्या दारात जे किंचाळतं, त्यामागे फसवलं गेल्याची भावना असते. मूल चार-पाच वर्षांचं असेल तर आदल्या दिवशी दोन साध्या वाक्यांत खरं सांगा. तोंडाने मिडाझोलाम किलोमागे 0.5 मिलिग्रॅम देतात, म्हणजे 16 किलोच्या मुलाला 8. चव कडूजहर असते, म्हणून थोड्या गोड सिरपमधून. 20 ते 30 मिनिटांत मान डुलायला लागते, हसू सैलावतं. तेव्हा त्याला चालू देऊ नका, कडेवरच ठेवा. इथे एकच गोष्ट हमखास बिघडते: आधीची केस लांबते, औषधाचा भर ओसरतो आणि मूल चिडचिडं होऊन जागं होतं. म्हणून ओटीतून फोन आल्याशिवाय औषध पाजू नये. काही मुलं गुंगीऐवजी उलट बिथरतात. तेव्हा डोस वाढवायचा नसतो. ज्यांनी आधी असं केलंय त्यांच्यासाठी नाकातून डेक्समेडेटोमिडिन हे दुसरं गुंगीचं औषध हा पर्याय आहे. त्याला 30 ते 45 मिनिटं लागतात, नाकात जळजळत नाही, पण नाडीवर लक्ष ठेवावं लागतं.

सुईच्या भीतीला गुंगी लागत नाही. हाताच्या मागच्या बाजूला सुन्न करणारं मलम लावून वर पारदर्शक पट्टी चिकटवा आणि तासभर थांबा. अर्ध्या तासात पट्टी काढली तर टोचणं जाणवतंच. सुई पाहून चक्कर येणाऱ्यांनी पाय आणि हात 10-15 सेकंद घट्ट ताणून मग सैल सोडावेत, असं पाच वेळा. त्याने रक्तदाब खाली पडत नाही.

कंबरेखालचा भाग बधिर करणारं, जागेपणी दिलं जाणारं पाठीतलं इंजेक्शन म्हणजे कायमची पाठदुखी, ही समजूत सोडून द्या. सुई बारीक असते. थोड्या जणांचं नंतर काही दिवस डोकं दुखतं, त्यावर उपाय आहेत. जागं राहायची भीती असेल तर हलकी गुंगी किंवा हेडफोन मागा. आपल्या आवडीची गाणी आधीच मोबाईलवर उतरवून ठेवा, ओटीत नेटवर्क मिळेलच असं नाही.

त्याच दिवशी घरी सोडणार असतील तर बरोबर मोठं माणूस हवंच. 24 तास गाडी चालवायची नाही, आणि पुण्यात ते दुचाकीला तर जास्तच लागू. मागे बसूनही जाऊ नका, गुंगीत धरलेला हात सुटतो. रिक्षा किंवा कार घ्या. त्या रात्री दारू आणि झोपेची गोळी दोन्ही बंद, आणि बँकेचे किंवा जागेचे कागद सही करायला दुसऱ्या दिवसानंतर.