चिऱ्याच्या भिंतीवरचं ऊन पाणी

दुपारची जेवणं उरकून पाय धुवायला न्हाणीत शिरावं आणि सहज नजर वर जावी. गिझरच्या पोटाखालून निघालेला बारीक तांबूस ओघळ टाइल्सवरून खाली उतरलेला. गेल्या आठवड्यात नव्हता. बोट लावलं तर ओलं. गरम पाणी अजून येत असतं, लाल दिवा वेळेवर लागतो-विझतो, तरी हा गिझर गेलाच. पाणी तापवणारी कॉइल बदलता येते, तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट बदलता येतो, पण टाकीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की तिथे इलाज नाही. 'डाग मारून घेऊ' म्हणणारं घरात कोणीतरी असतंच. डाग मारायचा काळ हंड्याचा.

तेव्हा कोकणातल्या न्हाणीच्या कोपऱ्यात चुलाण, त्यावर बाहेरून काळामिट्ट हंडा, शेजारी नारळाची सोडणं, करवंट्या, माडाची सुकी चुडतं आणि टोपलीभर पातेरा, म्हणजे वाळका पाला. सोडण पेटायचं कमी, धुमसायचं जास्त. न्हाऊन आलेल्या पोरांच्या अंगाला साबणाआधी धुराचा वास. दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी तोच हंडा चिंचेने घासून लख्ख व्हायचा आणि गळ्यात कारिटाची वेल घालून बसायचा. त्याला ना स्विच, ना वॉरंटी.

गिझरच्या टाकीत मात्र एक कांडी असते. बोटाएवढ्या जाडीची, मॅग्नेशियमची. टाकीचं पोलाद गंजायच्या आधी ही गंजते. तिचं काम तेवढंच, स्वतः झिजत राहायचं. वर्षातून एकदा खालची झाकणी उघडून ती पाहायची, आतली तार दिसायला लागली असेल तर नवी घालायची. झाकणी उघडली की गॅस्केटही, म्हणजे तिच्याखालची रबरी चकती, नवंच बसवायचं, जुनं परत बसवलं की ठिबकतं. किती घरांत ही कांडी कोणी पाहिली असेल? कांडी संपली की पाणी टाकीला लागतं, आणि मग ओघळ.

देशावरच्या जड पाण्यासारखे चुन्याचे जाड थर जांभ्यातल्या विहिरीच्या पाण्याने कॉइलवर सहसा धरत नाहीत. हे पाणी मऊ, पण किंचित आम्ल, धातू खाणारं. आणि खाडीलगतची विहीर वैशाखात मचूळ झाली की कांडी आणखी वेगाने विरघळते. बाहेरून खारा वारा आहेच. पत्र्याचं कवच कडांपासून फुलायला लागतं, म्हणून किनाऱ्यावर प्लॅस्टिकच्या कवचाचा घ्यावा. दिसायला कसाही असो.

गिझर मरतो तोही मुहूर्त पाहून. वर्षभर बंद असलेलं घर गणपतीच्या आदल्या दिवशी उघडतं, चाकरमानी एसटीतून उतरतात, बटण दाबतात आणि नळाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पाणी महिनोन्‌महिने टाकीत साचलं, त्यातल्या जिवाणूंचं आणि कांडीचं संगनमत झालं. टाकी पूर्ण रिकामी करून, भरून, पूर्ण तापवून ते पाणीही सोडून दिलं की बहुधा वास जातो. खरं तर घर बंद करतानाच टाकी रिकामी करायची. पण कुलूप लावताना रिक्षा दारात उभी असते.

गिझर बदलायचाच असेल तर आधी एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा बोर्डातला स्विच, पाडायचा, मग पाण्याचा कॉक बंद. इथे नवखे फसतात. थंड पाण्याची नळी सोडली तरी टाकी रिकामी होत नाही, कारण आत जाण्याच्या तोंडाशी सेफ्टी व्हॉल्व्ह आहे आणि तो पाणी उलटं येऊ देत नाही. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून हवा आत घ्यायची आणि व्हॉल्व्हची दांडी उचलायची किंवा व्हॉल्व्हच काढायचा. पंधरा लिटर म्हणजे एक मोठी बादली काठोकाठ. ती आधी खाली ठेवावी, नंतर शोधायला धावू नये.

खरा पेच भिंतीचा. पंधरा लिटरचा गिझर पाण्यासकट पंचवीस किलोच्या आसपास, म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं भिंतीला टांगलेलं. नव्या गिझरची भोकं जुन्या बोल्टांशी जुळत नाहीत, हा तर नियमच. काँक्रीटमध्ये फुगणारा अँकर बोल्ट घट्ट बसतो. चिऱ्यात, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडात, तोच बोल्ट फुगला की जांभ्याचा भुगा करतो. आज घट्ट वाटतो, महिन्याने बोटाने हलतो. चिऱ्याला ड्रिल मारायचं ते त्याचा ठोके देणारा हॅमर बंद ठेवून, सांध्यात नाही, दगडाच्या मधोमध. त्यातही खात्रीचं म्हणजे आरपार बोल्ट आणि भिंतीच्या पलीकडून लोखंडी पट्टी. पलीकडे स्वयंपाकघर असेल तर पट्टी दिसते. दिसू दे.

निळ्या खुणेला थंड, लाल खुणेला गरम. सेफ्टी व्हॉल्व्ह थंडाच्या बाजूला, बाण टाकीकडे. अर्धा इंची आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी आट्यांच्याच दिशेने आठ-दहा वेढे. उलटी गुंडाळली तर फिरवताना सुटत येते. मग गरम नळ उघडून टाकी भरायची. आधी फुसफुस हवा, मग थुंकल्यासारखं पाणी, मग एकसंध धार. ती धार येईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. कोरडी कॉइल बघता बघता जळते.

पाणी तापताना फुगतं. सत्तावीस अंशांचं पंधरा लिटर पाणी साठ अंशांवर नेलं की फुलपात्रभर जास्त होतं आणि ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंबथेंब बाहेर येऊ शकतं. गळतंय म्हणून त्याला बूच मारणारे महाभाग आहेत. ते थेंब त्याला बाहेर टाकू द्यावेत.

वेळेचा हिशेब सोपा आहे. दोन हजार वॉटची कॉइल, २३० व्होल्ट, तर एवढं पाणी सतरा-अठरा मिनिटांत. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं की तेच काम अर्ध्या तासाजवळ जातं, आणि दोष नव्या गिझरला मिळतो. गिझर हा शब्द आइसलँडातल्या एका उसळत्या झऱ्याच्या नावावरून आलेला. तुरळ-राजवाडीला, राजापूरजवळच्या उन्हाळे गावात, दापोलीकडच्या उन्हवऱ्यात जमीनच ऊन पाणी वर देते, मीटर न फिरवता. बाकीच्यांनी सोळा अँपिअरचा सॉकेट आणि अडीच एमएमची तांब्याची वायर घालावी. खाऱ्या हवेत प्लगच्या पिना काळवंडतात, सैल होतात आणि साडेआठ-नऊ अँपिअर त्यांतून गेले की प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो. तो वास ओळखीचा असणारी घरं कमी नाहीत.

आणि अर्थिंग. जुन्या घरांत तिसरी वायर सॉकेटपर्यंत येते, पुढे कुठे जाते ते कोणी विचारत नाही. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, लावावाच, पण जमिनीत गेलेली वायरही खरी हवी. जांभा पावसात भिजून असतो, तेव्हा सगळं ठीक. एप्रिलमध्ये तो खडखडीत वाळतो आणि अर्थिंगचा खड्डाही त्याच्याबरोबर. शंभर वॉटचा दिवा फेज आणि अर्थमध्ये धरून वायरमन पाहतो तेव्हा श्रावणात लख्ख लागलेला तोच दिवा चैत्रात मिणमिणतो. गिझर त्या दिवशीही चालू असतो आणि खाली ओल्या अंगाने कोणीतरी उभं असतं.

म्हणून खड्डा मागच्या परसात, न्हाणीचं पाणी जिथे केळी-अळवाला जातं तिथेच मारतात.